गावात बसून जॅझ गिटारवर बिबॉपच्या चाली कशा बसवायच्या

मेजर स्केल येते, पेंटॅटॉनिक येते, कॉर्ड धरता येतात, यूट्यूबवरचा बॅकिंग ट्रॅक लावून तासभर बोटं फिरवता येतात, आणि तरी जे निघते ते जॅझसारखं काही वाटत नाही, अशी तक्रार करणारे पोट्टे आमच्या वर्धा-यवतमाळकडे पण आहेत, मोजकेच आहेत पण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझं म्हणणं एवढंच की स्केल घोकणं जरा बाजूला ठेवा आणि बिबॉपच्या तयार चाली बसवा, जॅझवाले ज्याला हेड म्हणतात त्या, आणि त्या पण आधी गळ्यातून मग गिटारवर. स्केल त्याच्यातूनच कळते, उलटं करायला गेलं तर वर्षं जातात.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय या चाली अशा काहून आहेत ते समजत नाही. बिबॉप म्हणजे जॅझचाच एक जलद आणि वळणावळणाचा प्रकार, तो १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला, हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या क्लबात रात्री उशिरा जॅम, म्हणजे मिळून ऐनवेळचं वाजवणं, चालायचे, तिथं थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी ही मंडळी. गिटारवाल्यांसाठी मोठी गोष्ट म्हणजे चार्ली क्रिश्चन तिथं इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसायचा, १९४१ ची त्याची तिथली रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळते, १९४२ मध्ये तो गेला तेव्हा फक्त २५ वर्षांचा होता. मग चार्ली पार्कर अल्टो सॅक्सवर जे करून बसला ते सगळ्यांनी उचललं. या लोकांनी काय केलं तं जुन्या नावाजलेल्या गाण्यांची कॉर्ड तशीच ठेवली आणि वर स्वतःची नवीन चाल बसवली, कॉर्डच्या रांगेवर कोणाचा हक्क नसतो, म्हणून रॉयल्टीची पण भानगड नाही. ती नवीन चाल म्हणजे खरं पाहिलं तं लिहून ठेवलेला सोलोच असते, त्यात कॉर्डमधून वाट कशी काढायची ते सगळं बसलेलं आहे, म्हणून मी म्हणतो की हेड हेच पुस्तक.

आपल्या देशात कोण वाजवते असं कोणी विचारलं तं कार्ल्टन किट्टो यांचं नाव सांगा, कोलकात्यात कित्येक वर्षं त्यांनी गिटारवर बिबॉप वाजवला आणि पोरांना शिकवला, २०१६ मध्ये गेले ते.

आता सामान. मोठी पोकळ जॅझ गिटार लागतेच असं काही नाही, माझ्याजवळ साधी आहे, तुमच्याजवळ जी असेल ती चालते. इलेक्ट्रिक असेल तं मानेकडचा पिकअप लावा आणि टोनची घुंडी थोडी खाली आणा, झाला गोल आवाज. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुंडाळलेल्या, तारा मिळाल्या तं चांगलं, घासल्याचा चरचर आवाज येत नाही, पण महाग पडतात आणि बहुतेक ऑनलाइनच मागवाव्या लागतात. पिक मात्र जाड घ्या, पातळ पिक लवचिक असते, जलद चालीत मागं राहते. आणि लाइट गेली की गिटार ठेवून देऊ नका बाप्पा, अँप बंद असला तरी इलेक्ट्रिकच्या तारा कानाजवळ पुरेशा ऐकू येतात, उलट त्या शांततेत कोणता सूर कच्चा दाबला गेला ते चांगलं कळते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जाते, टिनाच्या छपराखाली गिटार टांगून ठेवली तं डिंक ढिला होऊ शकते, मान वाकते, आणि त्याहून वाईट म्हणजे कूलरसमोर बसून वाजवणं. कूलरची हवा ओली राहते, लाकूड फुगते, तारा आठवड्यात तांबूस पडतात, आणि मग कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. कूलरच्या तोंडासमोरून बाजूला बसा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा आणि गिटार पेटीत घाला.

पहिली चाल कोणती? पार्करची "नाऊज द टाइम" घ्या. २६ नोव्हेंबर १९४५ ला त्यानं ती रेकॉर्ड केली, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस होता, तेव्हा त्याचं वय १९. एफ मधला ब्लूज आहे, म्हणजे आपल्या भजनवाल्यांच्या भाषेत पांढरी चार, बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण), आणि चाल म्हणजे एक छोटा तुकडाच फिरवून फिरवून वाजवलेला, त्यामुळे सूर कमी आणि ताल पक्का करायला वाव जास्त. बरेच जण डायरेक्ट "डॉना ली" वर उडी मारतात, कारण ती वाजवली की लोक बघतात, आणि मग आठ बारनंतर अडकून पडतात. तसं करू नका, ती पुढं येतेच.

चाल फोनमध्ये उतरवून ठेवा, वावरात नेटवर्कचा भरवसा नाही. पहिले काही दिवस गिटारला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि सोबत गुणगुणायचं, स्पीड अर्धा करायची सोय आता फोनवरच असते आणि त्यात सूर खाली जात नाही. गाताना शब्द नाही तं काय म्हणायचं? दा-बा-दू काही पण म्हणा, किंवा तबल्याचे बोल म्हणा, पण सूर कुठं सुरू झाला आणि कुठं तोडला ते तोंडातून बरोबर निघालं पाहिजे. बिबॉपची चाल बहुतेक वेळा मात्रेवर सुरूच होत नाही, दोन मात्रांच्या मधून उचलते आणि मधातच कुठंतरी तुटते, आणि जे गाता येत नाही ते बोटातून कधीच येत नाही, येते ते फक्त टॅबचे, म्हणजे कोणती तार कुठं दाबायची ते सांगणाऱ्या कागदाचे, आकडे.

गाताना टाळी द्या, पण पहिल्या मात्रेवर नाही. आपल्या कानाला सम पहिल्यावर पडायची सवय असते, खंजिरीच्या भजनात पण तसंच, आणि इथं टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची राहते. हे सुरुवातीला फार चिडचिड करते, चाल गाता गाता टाळी सरकून एक-तीनवर जाते आणि कळत पण नाही. वावरात जाता-येता चालताना करा, डावा पाय एक, उजवा पाय दोन, उजव्या पायावर टाळी, लोक पाहतील तं पाहू द्या. मेट्रोनोम वापरत असाल तं ६० वर लावा आणि तो ठोका दोन-चारचा समजा, म्हणजे खरी लय १२० झाली.

मग गिटार. टॅब शोधू नका, आधी एक तुकडा कानानं शोधा, तो सापडला की पुढचा. ज्यांना नोटेशन वाचता येते त्यांच्यासाठी एक गोष्ट, गिटार कागदावर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, त्यामुळे पुस्तकातून वाचून वाजवली की चाल मूळ रेकॉर्डिंगपेक्षा खाली आणि जड ऐकू येते. जमेल तिथं एक सप्तक वर नेऊन पाहा, गिटार लगेच मोकळी होते.

आता मुख्य गोठ. बिबॉपच्या चालीत एवढे उलटेसुलटे सूर असतात, कोमल काय तीव्र काय सगळं एका ओळीत, तरी ते बेसूर काहून लागत नाही? कारण ठोक्यावर कोणता सूर पडते ते ठरलेलं असते. एका मात्रेत दोन सूर धरा, त्यातला पहिला म्हणजे ठोक्यावरचा बहुतेक कॉर्डचा सूर असते, आणि बाहेरचे सूर दोन ठोक्यांच्या मधात टाकतात. सिद्ध करून दाखवतो, ही ओळ मीच जुळवली, पण यातली मोडणी तुम्हाला पन्नास हेडमध्ये सापडेल. डी मायनर सेव्हन एक बार, जी सेव्हन एक बार, मग सी. सा म्हणजे सी समजा.

पहिला बार: म ध सां गं रें, मग कोमल रें, सां, कोमल नि.
दुसरा बार: नि रें मं, मग कोमल धं, पं, तीव्र मं, शुद्ध मं, कोमल गं.
तिसरा बार: शुद्ध गं वर थांबा.

पेटीवर एकदा वाजवून पाहा. दोन्ही बारचा आराखडा सारखाच आहे, कॉर्डच्या तिसऱ्या सुरापासून तीन-पाच-सात-नऊ असं वर चढायचं, मग मूळ सूर, मग त्याच्याखाली अर्धा-अर्धा सूर उतरत सातवा, आणि शेवटी पुढच्या कॉर्डचा तिसरा सूर वरून आणि खालून घेरायचा. सां आणि कोमल नि वाजले की मधातला शुद्ध नि आपोआप हवाहवासा वाटते, आणि तो बरोबर नव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर मिळते. यालाच ते लोक एन्क्लोजर म्हणतात. मूळ सूर आणि सातव्याच्या मधात तो जो जास्तीचा सूर घातला, दुसऱ्या बारमधला तीव्र मं, तोच बिबॉप स्केलचा आठवा सूर, तो घातला नसता तं पुढचे सगळे सूर अर्ध्या मात्रेनं सरकले असते आणि ठोक्यावर चुकीचे सूर आले असते. स्केलची पुस्तकं हे पहिल्या पानावर सांगत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटते. ज्यांनी शास्त्रीय शिकलं आहे त्यांना दोन्ही मध्यम लागोपाठ लागले म्हणून ललित आठवेल, आठवू द्या, पण इथं ते रागासाठी नाही, ठोका जुळवण्यासाठी आहे.

गिटारवर ही ओळ अशी घ्या. पाचव्या तारेचा आठवा फ्रेट, चौथीचा सातवा, तिसरीचा पाचवा, दुसरीचा पाचवा, मग तिसऱ्या तारेवर सात, सहा, पाच, आणि चौथीचा आठवा. तिथून करंगळी उचलायची नाही, तशीच घसरवून नवव्यावर न्यायची, तो झाला नि, आणि त्याबरोबर अख्खा हात एक फ्रेट वर सरकला. आता तिसरीचा सातवा, दुसरीचा सहावा, मग दुसरीवरच नऊ, आठ, सात, सहा, मग तिसरीचा आठवा आणि शेवटी तिसरीचा नववा.

प्रत्येक सुराला पिक मारू नका, हे नव्वद टक्के गिटारवाले करतात आणि म्हणून टाइपरायटर चालल्यासारखं ऐकू येते. सॅक्सवाला श्वासात सूर जोडते, आपल्याला ते हॅमर (पिक न मारता बोट आपटून वरचा सूर), पुल (बोट ओढून खालचा सूर) आणि स्लाइडनं (बोट घसरवून) करावं लागते, आणि कुठं जोडायचं त्याचा नियम असा की मधल्या सुरावर पिक, तिथून ठोक्यावरच्या सुरात घसरायचं. वरच्या ओळीत पाहा, तिसऱ्या तारेवर सहाव्यातून पाचव्यावर पुल, चौथीवर आठव्यातून नवव्यात स्लाइड, दुसरीवर सातव्यातून सहाव्यावर पुल, आणि तिसरीवर आठव्यातून नवव्यावर हॅमर. चारही जागी जोडणारे दोन सूर एकाच तारेवर आले आहेत, म्हणून तर ही जागा निवडली, दुसऱ्या पोझिशनला वाजवली तं दोन ठिकाणी तार बदलावी लागते आणि जोड तुटते. कुठलीही हेड बसवताना जागा अशीच ठरवा, बोटाला सोपी कुठं पडते त्यापेक्षा जोड कुठं मिळते ते पाहा. पिक मधल्या सुरावर पडल्यामुळे वजन पण आपोआप तिथंच जाते, आणि तेच पाहिजे.

काही सूर तं जवळजवळ ऐकूच येऊ द्यायचे नसतात. आपण बोलताना "काय करून राहिला" चं "का करून रायला" करतो, अर्धी अक्षरं गिळून टाकतो आणि समोरच्याला तरी सगळं समजते, तसं. खाली जाऊन परत वर येणारी ओळ असली की सगळ्यात खालचा सूर गिळा आणि सगळ्यात वरच्यावर जोर द्या.

स्विंगचं लोक फार अवघड करून सांगतात. हळू लयीत मात्रेतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. लय वाढली की हा फरक कमी होत जाते, आणि पार्करच्या "को-को" सारखं ३०० च्या आसपास गेलं की सूर जवळजवळ सारखेच पडतात. जलद वाजवताना लंगडत राहिले तं ते विनोदी वाटते.

आता सोबत कोण देईल हा प्रश्न. गावात बास नाही, ड्रम नाही, पियानो तं नाहीच. पण पेटी आहे ना. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना दोन-दोन पट्ट्या दाबून धरायला सांगा, बस्स. डी मायनर सेव्हनसाठी एफ आणि सी, जी सेव्हनसाठी एफ आणि बी, सी साठी ई आणि बी. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त सी चा बी होते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फक्त एफ चा ई. कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर एवढंच ते आहे, पण कॉर्ड बदलली हे पूर्ण कळते, आणि तुमची ओळ त्या बदललेल्या पट्टीवर नेमकी उतरली की काका पण मान हलवतात. काका नसतील तं तेच दोन सूर स्वतः गिटारवर वाजवून फोनमध्ये रेकॉर्ड करा. तयार बॅकिंग ट्रॅकपेक्षा हे बरं, कारण ट्रॅकमध्ये एवढं सामान वाजत असते की आपली चूक त्यात लपते.

ब्लूजवर या सगळ्याचा उपयोग असा. एफ ब्लूजचे बारा बार मोजा, एफ सेव्हननं सुरुवात, पाचव्या बारला बी फ्लॅट सेव्हन, सातव्याला परत एफ, आठव्याला डी सेव्हन, नवव्याला जी मायनर सेव्हन, दहाव्याला सी सेव्हन, अकराव्याला घरी. नववा-दहावा बार म्हणजे आपल्या वरच्या ओळीचीच जागा, फक्त सा आता एफ झाला. ओळ उचलून तिथं न्यायची तं प्रत्येक सूर एक तार जाडीकडे सरकवा आणि दोन फ्रेट खाली घ्या, जे सूर आधी दुसऱ्या तारेवर होते ते तिसरीवर आल्यावर आणखी एक फ्रेट खाली. सुरुवात सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटला, शेवट चौथीच्या सातव्या फ्रेटला, ए वर. चारही जोड तिथं पण शाबूत राहतात. "नाऊज द टाइम" ची चाल दोनदा वाजवा, मग आठ बार काहीच वाजवू नका, मनात फॉर्म, म्हणजे बारा बारचा फेरा, मोजत राहा, नवव्या बारला ही ओळ टाका. ते आठ बार शांत बसणं सगळ्यात कठीण जाते, पण बाराचा हिशेब अंगात बसायला याच्यासारखं काही नाही.

बसवलेल्या प्रत्येक हेडचं असंच करा, तिचे दोन-दोन बारचे तुकडे पाडा, कोणता तुकडा कोणत्या कॉर्डवर आहे ते लिहून ठेवा आणि तो तुकडा दुसऱ्या पट्टीत न्या. गायकानं काळी चार सांगितली की पेटीवाला कुरकुर न करता काळी चारमध्ये जाते, गिटारवाल्यानं काहून घाबरावं? सी नंतर एफ, मग बी फ्लॅट, मग ई फ्लॅट, असं चौथ्या-चौथ्या सुरानं जात राहिलं की बाराही होतात, आणि जॅझच्या गाण्यांत कॉर्ड बहुतेक याच दिशेनं फिरतात. बाराही एका दिवशी नको, एका दिवसाला एक पट्टी पुरते.

लय वाढवताना चार-चारनं वाढवा आणि जिथं खांदा आवळला जाईल तिथून परत दहा खाली या. चूक होते तिथं अख्खी चाल पहिल्यापासून वाजवू नका, चुकीच्या आधीचे दोन सूर आणि नंतरचे दोन सूर एवढंच वाजवा, अडचण नेहमी जोडावर असते, नेमक्या सुरावर क्वचितच.

गिटारवाले ऐका पण सॅक्सवाल्यांच्या नंतर. जिमी रेनी आणि टॅल फार्लो यांच्याकडे ओळ कशी लांबवायची ते ऐका, बार्नी केसेल १९४७ मध्ये खुद्द पार्करसोबत रेकॉर्डिंगला होता, ग्रँट ग्रीनचे सूर कमी आणि ताल इतका पक्का की नवीन माणसाला सगळ्यात लवकर समजते, मी तं त्याच्यापासूनच सुरू करायला सांगतो. जो पास शेवटी, त्याचं एकट्याचं वाजवणं ऐकून हिंमत खचायची शक्यता जास्त.

"नाऊज द टाइम" नंतर "बिलीज बाउन्स", ती पण एफ ब्लूज आणि त्याच दिवशीची रेकॉर्डिंग, पण चाल बरीच वाकडी, ताल फसवणारा. मग "ऑ प्रिवाव", पुन्हा एफ ब्लूज. तीन ब्लूज झाले की ३२ बारचा फॉर्म घ्या, "स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल" पाहा, मग जी मधली "ऑर्निथॉलॉजी", तिच्यात मेजरचा मायनर होताना तुकडा कसा बदलते ते नीट तपासा. मग "अँथ्रोपॉलॉजी", बी फ्लॅटमध्ये. "डॉना ली" ए फ्लॅटमध्ये आहे, सूर जवळपास न थांबता चालतात, आणि श्वास घ्यायची जागा आपल्यालाच शोधावी लागते, म्हणून तिला ८० च्या लयीवर पहिले चार बार एवढंच घ्या, तेवढे जोडांसकट साफ वाजले की मग पुढचे चार.